नवरा-बायको दोघेही कामावर, पाळणाघराची फी परवडत नाही. सरकारी मदत मिळते का?

ताई, तुमची मुलगी दीड वर्षाची, तुम्ही पॅकिंगच्या कामाला, मिस्टर रिक्षा चालवतात. खासगी पाळणाघराची फी भरली तर तुमच्या पगारातलं हाती फारसं काही उरत नाही, म्हणून फीसाठी सरकारकडून पैसे मिळतात का, असं तुम्ही विचारलंय. आधी स्पष्टच सांगते. खासगी पाळणाघराची फी भागवायला आईच्या खात्यात पैसे टाकणारी केंद्राची योजना आपल्याकडे नाही. सरकार देतं ते पाळणाघरच. मूल ठेवायला जागा, सांभाळायला बाई आणि आहार. त्यामुळे चौकशीला जाल तेव्हा "अनुदान मिळेल का" असं विचारू नका, "पाळणा योजनेचं केंद्र जवळ कुठे आहे" असं विचारा.

हा शब्द मला फार उशिरा कळला. मी घरकाम करायचे. धाकटा तीन वर्षांचा झाल्यावर त्याचं नाव अंगणवाडीत घातलं आणि वाटलं, सुटले. पण अंगणवाडी दुपारी सुटायची आणि माझं शेवटचं घर आवरायला अडीच वाजायचे. मधल्या वेळात माझी नऊ वर्षांची मुलगी त्याला सांभाळायची. मधल्या सुट्टीत ती दप्तर घेऊनच घरी यायची. एक दिवस तिच्या बाईंनी मला बोलावून वही दाखवली. प्रत्येक पानावर धडा अर्धाच उतरवलेला, मधल्या सुट्टीपर्यंत जेवढा झाला तेवढाच. पोटात कालवलं अगदी.

अंगणवाडीला मी नावं ठेवत नाहीये. 1975 पासून तिथल्या सेविकांनी गरिबाघरची पोरं जगवली आहेत. पण ती दिवसभर मूल ठेवायची जागा नाही. तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास तिथे बसतात, आणि तुमच्या लेकीएवढ्या मुलांना मुख्यतः घरपोच आहार मिळतो. तुम्हाला हवं ते वेगळं आहे, पाळणा योजनेत त्याला 'अंगणवाडी-सह-पाळणाघर' म्हणतात. तिथे सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं घेतात. सांभाळायला एक सेविका आणि एक मदतनीस असते. जेवणखाण, दुपारची झोप, वजन, लसीकरणाकडे लक्ष, हे सगळं त्यात धरलेलं आहे. महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास.

नावावरून घोळ होतो, तेवढं लक्षात ठेवा. 2006 मध्ये हीच योजना राजीव गांधींच्या नावाने होती, 2017 मध्ये 'राष्ट्रीय पाळणाघर योजना' झाली आणि 2022 पासून केंद्राच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' या कार्यक्रमाखाली 'पाळणा' झाली. समोरच्याला एक नाव कळलं नाही तर दुसरं सांगा.

केंद्रं कमी आहेत, हेही खरं. देशात जवळजवळ 14 लाख अंगणवाड्या, आणि पाळणाघर जोडायचं उद्दिष्ट होतं 17,000 ठिकाणी. मला याचा फार राग येतो. तुमच्या वस्तीत नसेल तर सेविकेवर चिडू नका, तिच्या हातात काही नसतं. तिच्याकडून मुख्यसेविकेचा, म्हणजे तिच्या वरच्या पर्यवेक्षिकेचा, नंबर घ्या आणि बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा. आणि केंद्र असलंच, तर आधी त्याची वेळ विचारा. आठ तासांची पाळी आणि येण्याजाण्याचा वेळ साडेसात तासांत बसत नाही. संध्याकाळी लेकीला कोण आणणार, ते आधीच ठरवून ठेवा.

दुसरी वाट तुमच्या कामाच्या ठिकाणी आहे. किती माणसं कामाला आहेत तिथे? 50 किंवा जास्त असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात तशी दुरुस्ती झाली, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा तोच आहे. हे 50 म्हणजे फक्त बायका नव्हेत, पुरुषही धरायचे. मालक बहुतेक इथेच चुकवतात, "बायका तर वीसच आहेत" म्हणतात. दिवसातून चार वेळा जाऊन मुलाला बघायची मुभाही आईला आहे. एकटीने विचारलं तर काम जायची भीती असते, म्हणून चार-पाच जणी मिळून विचारा. दाद दिली नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

पाळणाघर मागायला जातानाही एकट्या जाऊ नका. आम्ही सात जणी गेलो होतो. एका कागदावर मुलांची नावं, जन्मतारखा आणि प्रत्येक आईची कामावर निघायची आणि परतायची वेळ लिहिली, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिथल्या मॅडमनी जन्मतारखा नुसत्या वरवर बघितल्या. त्या थांबल्या शेवटच्या रकान्यावर. धाकट्याला सांभाळायला कोणतं मोठं भावंड घरी राहतं आणि ते कितवीत आहे, ते आम्ही तिथे लिहिलं होतं. तो रकाना तुम्हीही घाला.