डाव्या हाताची भाकर

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३९. तीन एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात पऱ्हाटी आणि तूर. दिवाळीनंतर दुसऱ्या वेच्याचा कापूस बंडीत भरताना वरून तोल गेला आणि उजव्या हातावर पडले. मनगट लगेच सुजलं. गावात हाड बसवणारे आहेत, त्यांनी ओढून लेप लावला आणि कामट्या बांधल्या. तीन आठवड्यांनी सोडल्या तर मनगट वाकडं दिसतं. रात्री ठणकतं. सकाळी अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर असतात. गावात येणारे डॉक्टर सुई देतात, दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. तीन महिने झाले.

मोठ्या दवाखान्यात जायला पैसा नाही. कापसाचे पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेले. विम्याचा एजंट आला होता, चौघांचा वर्षाचा हप्ता सोळा हजार सांगून गेला. एवढे आणायचे कुठून? रेशनचं केशरी कार्ड आहे, त्यावर धान्य मिळतं तेवढंच. माझा नवरा चांगला माणूस आहे. दारू नाही, जुगार नाही, कधी अंगावर हात टाकला नाही. म्हणतो, चणा निघू दे, मंग पाहू. सासूबाई म्हणतात, आमच्या टायमाले कोण जात होतं दवाखान्यात. मी पण कोणाला त्रास देत नाही, आता भाकर डाव्या हातानं थापता येते. मुलगी दहावीला आहे, तिला कामाला लावत नाही.

बचत गटातून कर्ज मिळू शकतं. ते काढून विमा घेऊ का? की विमा नसताना दुखणं सहन करायचा काही उपाय आहे?

एक वाचक, जि. यवतमाळ

बाई माझे,

तुझ्या पत्रात मनगट आहे, एजंट आहे, सोळा हजार आहेत, बचत गट आहे. मी अडकले ती सासूबाई आणि मुलगी यांच्या मधे तू सहज लिहून टाकलेल्या वाक्यावर. ‘आता भाकर डाव्या हातानं थापता येते.’

ज्वारीची भाकर एका हातानं करणं म्हणजे काय, हे परातीपुढे कधी न बसलेल्याला कळायचं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाणी घालून, तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून ते मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा चिरतात. एक हात थापतो, दुसरा कड सावरत भाकर फिरवतो. मग ती अख्खी तळव्यावर पेलून तव्यावर टाकायची. मनगट मोडलेलं असताना तू हे सगळं डाव्या हातावर आणलंस. सुरुवातीला कित्येक दिवस भाकरी चिरल्या असतील, उचलताना तुटल्या असतील, एकीकडे जाड आणि एकीकडे कच्च्या राहिल्या असतील. तसल्या भाकरी तुझ्या घरातल्या माणसांनी ताटात घेतल्या आणि खाल्ल्या. तेव्हा एकानं तरी विचारलं का, की आजकाल भाकर अशी का होते? विचारलं असतं तर तू नक्की लिहिलं असतंस, कारण घरच्यांच्या बाजूनं जेवढं लिहिता येईल तेवढं तू लिहिलं आहेस.

मग एक दिवस भाकर अख्खी उतरली. त्या दिवसापासून घराच्या लेखी तुझा हात बरा झाला. आणि तू मला हे चांगली बातमी म्हणून सांगतेस. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तुझ्यावरही आला.

तू म्हणतेस नवरा चांगला आहे. त्याच्या चांगुलपणाची तू केलेली यादी पुन्हा वाच. दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, मारत नाही. सगळ्या त्यानं न केलेल्या गोष्टी आहेत. तीन महिन्यांत त्यानं तुझ्या हातासाठी केलेली एक गोष्ट त्यात नाही. शांत माणूस आहे, कष्टाळू आहे, असेल. पण रोज दोन वेळा तुझ्यासमोर बसून जेवणाऱ्या माणसाला तुझं वाकडं मनगट दिसत नाही, असं होत नाही. दिसतं. भाकर वेळेवर येते म्हणून तो त्याकडे पाहत नाही.

‘चणा निघू दे.’ चणा निघेल, मग लग्नसराई येईल. मग वखरवाही, मग मृग, मग पेरणी, निंदण, डवरणी, पोळा, आणि परत पहिला वेचा. कास्तकाराच्या घरात बाईच्या दवाखान्यासाठी मोकळा महिना मी आजवर पाहिलेला नाही. सासूबाईंना मी काही सांगत नाही, त्यांच्याही अंगात अशी न दाखवलेली दुखणी असणार. तुझ्या मुलीला मात्र तू अभ्यास करू देतेस हे फार चांगलं करतेस. मी तिला चुलीपुढे बसव म्हणत नाही. तिच्या बापाला बसव म्हणते.

आता विम्याचं. कर्ज काढू नकोस. आज तू सोळा हजार भरलेस तरी त्या पॉलिसीतून या मनगटाला बहुधा एक रुपया मिळणार नाही. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या दुखण्याला खासगी विमा कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. फॉर्मवर दुखणं लपवलं तर पुढे दावाच नाकारतात. एजंटनं तुझा हात पाहिला असेल आणि तरी हे सांगितलं नसेल, तर त्याला परत ओसरीवर बसवू नकोस.

मुख्य म्हणजे तुझ्याकडे विमा आहे. ज्या केशरी कार्डाबद्दल तू ‘धान्य मिळतं तेवढंच’ म्हणतेस ना, तेच कार्ड. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचे अमरावती आणि गडचिरोली होते. २०१३ च्या अखेरीस ती सगळ्या महाराष्ट्रात आली, यवतमाळातही. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आधी पिवळ्या आणि केशरी कार्डाला दीड लाखापर्यंत उपचार होते. १ जुलै २०२४ पासून रेशन कार्ड कुठल्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहेत. हप्ता तुला भरायचा नाही. गेली कितीतरी वर्षं तू हे कार्ड घेऊन फक्त कोटेदाराकडे जात आलीस. कोणी सांगितलं नाही, हा तुझा दोष नाही.

हेही समजून घे की ही योजना दवाखान्यात दाखल होऊन होणाऱ्या उपचारांना आहे. नुसतं दाखवायला गेलं, हाडाचा फोटो म्हणजे एक्स-रे काढला, गोळ्या घेतल्या, तर तो खर्च तिच्यात बसत नाही. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी दवाखान्यात केल्या तरच मंजूर होतात. म्हणून खासगी दवाखान्याची पायरी चढूच नकोस. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे, पण तुझ्या हाताला हाडांचा डॉक्टर लागणार. तू सरळ यवतमाळला, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. फोटोचे, केस पेपरचे थोडे पैसे लागले तरी ते एका सुईच्या आसपासच असतील. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहेच. गटातून काही उचलायचंच असेल तर जाण्यायेण्यापुरते हजार-दोन हजार उचल. त्यापेक्षा जास्त नको.

कोणी तुला वीस रुपयांचा बँकेचा अपघात विमा सांगेल, कोणी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना सांगेल. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्या मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पैसे देतात, दवाखान्याचं बिल भरत नाहीत. मुंडे योजनेत एक हात निकामी झाला की एक लाख मिळतात. आपल्याला तो एक लाख नको, हात हवा आहे.

हातावरून आठवलं. तू बधिर बोटांबद्दल अर्ध्या ओळीत लिहिलंस. मी डॉक्टर नाही, पण एवढं माहीत आहे की अंगठ्याकडे आणि शेजारच्या दोन बोटांकडे जाणारी नस मनगटातूनच जाते, आणि हाड वाकडं बसलं तर ती दबू शकते. ती फार काळ दबून राहिली की अंगठ्याची ताकद जाते. मग बोंडातून कापूस ओढणं तर सोडच, ब्लाऊजचं बटण लावता येत नाही. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं. मनगटाचं हाड साधारण सहा-आठ आठवड्यांत धरतं. तुझे तीन महिने झाले आणि अजून ठणका आहे, याचा अर्थ ते वाकडं जुळलं असेल किंवा जुळलंच नसेल. फोटो काढल्याशिवाय हे कोणालाच कळायचं नाही. हाड बसवणाऱ्यांनाही कळलं नव्हतं, म्हणून आता परत त्यांच्याकडून ओढून घेऊ नकोस, तेल लावून चोळूनही घेऊ नकोस. आणि त्या सुया बंद कर. दुखण्याच्या सुया महिनोन्महिने टोचून घेतल्या की पोट आणि किडनी खराब होऊ शकते, आणि हाड तिथंच राहतं. किती सुया झाल्या ते यवतमाळच्या डॉक्टरांना आठवून सांग.

‘दुखणं सहन करायचा काही उपाय आहे का’ असं तू विचारलंस. त्याचं उत्तर मी देणार नाही. सहन करायला तू गरजेपेक्षा जास्त शिकली आहेस.

तुला एकच काम सांगते. येत्या सोमवारी भाकर थापायची नाही. डाव्या हातानंही नाही.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर रेशन कार्ड आणि आधार कार्ड पिशवीत टाक, दोन्हींच्या झेरॉक्स घे, आणि नवऱ्याला सांग, ‘माहा हात मोडला आहे. उद्या मले यवतमाळले घेऊन चला.’ त्यापुढे काही जोडू नकोस. ‘तुम्हाला जमलं तर’ नको, ‘चण्याचं काम झालं की’ नको, ‘तसा फार दुखत नाही’ तर अजिबात नको. तुला हे वाक्य बोलायला जड जाईल, मला माहीत आहे. तुझ्या अख्ख्या पत्रात ‘हात मोडला’ हे शब्द कुठे नाहीत. तू तोल गेला म्हणतेस, सुजलं म्हणतेस, वाकडं दिसतं म्हणतेस. मोडला असं तू अजून स्वतःलाही सांगितलेलं नाहीस.

सकाळी तो चुलीकडे पाहील. पाहू दे. सासूबाई परात ओढतील, त्यांना ओढू दे. पहिल्या गाडीनं निघा, कारण ओपीडी सकाळची असते आणि रांग मोठी असते. पूर्ण दिवस जाईल, कदाचित पुन्हा बोलावतील. शस्त्रक्रिया ठरली तर तारखेसाठी थांबावंही लागेल. गर्दी पाहून दुपारी परत फिरायचं नाही. नवरा सोबत हवा तो याचसाठी. तू एकटी असलीस तर ‘घरी गुरं आहेत’ म्हणून दोन वाजता एसटी स्टँडवर येशील. तो नाहीच म्हणाला तर आशाताईंना किंवा गटातल्या एखादीला घेऊन निघ, पण आधी त्याला नाही म्हणायला लाव. आजवर त्याला तू तेवढीही वेळ येऊ दिलेली नाहीस.

केस पेपर काढताना ‘जुनं दुखणं आहे’ असं सांगू नकोस. बंडीवरून पडले, अमुक तारखेला पडले, बोटं बधिर होतात, असं सांग. दाखल व्हायला सांगितलं की आरोग्यमित्राचं टेबल कुठे आहे ते विचार. योजनेच्या दवाखान्यात तो असतोच, कार्ड पाहून मंजुरीचं काम तोच करतो. कार्डावरचं तुझं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, हे रविवारीच पाहून ठेव. बायांची माहेर-सासरची नावं वेगवेगळी लागलेली असतात आणि काम तिथंच अडतं. तसं असेल तरी घरी थांबू नकोस, जा आणि काय करायचं ते आरोग्यमित्रालाच विचार.

शस्त्रक्रिया झाली तर नंतर काही आठवडे त्या हातावर भार द्यायचा नसतो. मग बोटांचे, मनगटाचे व्यायाम सांगतात, ते दुखतात आणि तरी करावे लागतात. तेवढे दिवस घरातली भाकर नवऱ्यानं करायची. पहिल्या दिवसांत चिरतील, तुटतील. तू काही न बोलता खाऊ नकोस. कशी मळायची ते त्याला परातीजवळ बसून सांग.

फोटोत काय निघालं ते मला कळव. आणि योजनेत बसणाऱ्या उपचाराला दवाखान्यात कोणी पैसे मागितले, तर घरी न परतता तिथूनच १५५३८८ वर फोन लाव.

तुझी मावशी