चिकटवाचिकटवी

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर जुन्या लग्नपत्रिका, मासिकं कापून कोलाज करते. गोदाघाट केला, पण कागदाला सुरकुत्या पडल्या. मुलगा म्हणतो, ही नुसती चिकटवाचिकटवी! – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आहेच हो चिकटवाचिकटवी! फ्रेंचमध्ये ‘कोले’ म्हणजे चिकटवणे, त्यावरूनच कोलाज. पिकासोनं १९१२ मध्ये वेताच्या विणीची छपाई असलेलं ऑइलक्लॉथ चित्रात चिकटवलं, हे मुलाला सांगा.

सुरकुत्या पडतात गोंदातल्या पाण्यानं. ओला कागद फुगतो. वहीचं पान नको, जाड कार्डशीट घ्या. फेव्हिकॉल थापू नका. ब्रशनं पातळ थर द्या, मधून कडेकडे दाबत हवा काढा आणि वर कोरा कागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकं.

मीही मध्यंतरी रामकुंड केलं. पायऱ्या कॅलेंडरच्या राखाडी पुठ्ठ्यातून झटक्यात निघाल्या, पाणी काही जमेना. शेवटी पैठणीच्या जाहिरातीतला मोरपंखी पदर घेतला आणि कापला नाही, फाडला. फाटताना पांढरी कड सुटली, तीच लाट! तासभर नुसती बघत बसले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

पत्रिकांवरच्या गणपतींचं काय करता, तेवढं कळवा. माझ्याकडे डबाभर साठलेत, कात्री चालवत नाही.