यादीतलं नाव

पत्र, थोडं आटोपतं घेऊन:

"ताई, प्रभूमध्ये सलाम. आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका गावातले. मिस्टर साखर कारखान्यात कामाला आहेत आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी आहेत. मुलगा पुण्यात चुलत्यांकडे राहून बी.कॉम. करत होता. निकाल लागला त्या दिवशी फोनवर 'झालं सगळं' एवढंच म्हणाला. आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर पदवीधरांचा गुणगौरव आहे. यादी मिस्टरांनीच लिहिली, ह्याचं नाव सगळ्यात वर. सासूबाईंनी उपकारस्तुतीच्या दानासाठी दोन हजार बाजूला काढलेत, नणंद श्रीरामपूरहून येणार आहे. मागच्या आठवड्यात तो घरी आला, तेव्हा पॅन्ट धुवायला घेताना खिशात घडी घातलेली मार्कशीटची प्रिंट सापडली. दोन विषय राहिलेत. मी तशीच घडी घालून ठेवून दिली. अजून कुणाला बोलले नाही, त्यालाही नाही. पुढच्या परीक्षेत काढेलच तो, मग आता गप्प बसले तर कुठे बिघडतं? पण रात्री हनन्या आणि सप्पीरा आठवतात आणि झोप लागत नाही. मी सप्पीरा झाले का? — एक आई"

सलाम.

आधी सप्पीरेचं बघू, कारण झोप तिनेच घालवली आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय परत काढा आणि सावकाश वाचा. हनन्याने जमीन विकली, पैशातले काही मागे ठेवले आणि उरलेले प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले, जणू एवढेच आले होते. पेत्र त्याला काय म्हणतो? जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. म्हणजे सगळे आण असं कुणी मागितलंच नव्हतं! अर्धे आणून "अर्धे आहेत" म्हणाला असता तर कुणाला काही म्हणायचं कारण नव्हतं. तुमच्या मंडळीनेही तुमच्या मुलाकडे पदवी मागितलेली नाही. सप्पीरा तीन तासांनी आत आली. नवरा पेत्राचे शब्द ऐकताच मरून पडला होता, ते तिला माहीत नव्हतं. पेत्राने तिला सरळ विचारलं, जमीन एवढ्यालाच विकली का, आणि ती हो म्हणाली, मग तीही तिथेच मरून पडली. तुम्हाला अजून कुणी विचारलेलं नाही. तेव्हा सप्पीरा तुम्ही नाही, निदान आजच्या तारखेला नाही.

मुलाला मात्र हा अध्याय वाचून दाखवू नका. आधीच घाबरलेल्या पोराला ती धमकी वाटेल. उधळ्या पुत्राचा दाखलाही नको. तो घरात कुणीतरी काढेलच, आणि दोन विषय राहिलेल्या मुलाला उधळ्या म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं.

आता "पुढच्या परीक्षेत काढेलच". काढेल, मला शंका नाही. पण रविवार त्याच्या आधी येतो. त्या रविवारी काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नाव पुकारतात, मुलगा बाकावरून उठून पुढे जातो, संडे स्कूलची पोरं झेंडूचा हार घालतात, मग पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, हे प्रभू, तू ह्याला यश दिलंस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. मंडळी आमेन म्हणते. आजी बहुतेक रडत असते. त्या अर्ध्या मिनिटात तो मुलगा डोळे मिटून काय करणार, सांगा बरं? चर्च सोडून गेलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. नापास झालो म्हणून सोडलं असा एकही मला आठवत नाही. पण लोकांसमोर आपल्या नावाने खोटी प्रार्थना झाली आणि आपण मान खाली घालून ती होऊ दिली, असं पुढे मोठेपणी सांगणारे भेटले आहेत. त्यांना नंतर कुठलीच प्रार्थना खरी वाटेना.

म्हणून नाव रविवारच्या आत यादीतून निघायला हवं, आणि ते त्यानेच काढायला हवं.

तुमच्या मिस्टरांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. यादी त्यांनी केली आणि त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं. मला त्या दोन ओळी फार बोलक्या वाटल्या. आपल्याकडे पदवी वेदीपुढे का नेतात, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं. त्यानंतर गावोगाव जे उभं राहिलं ते बहुतेक ठिकाणी एकाच खोलीत होतं. सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी उपासना. शिकवणारे मास्तर तेच उपदेशकही. ज्यांना गावच्या शाळेत आत बसू देत नव्हते, त्यांची पोरं पहिल्यांदा जिथे पाटीवर अक्षर गिरवायला बसली, तीच जागा त्यांचं चर्च झाली. पणजी शास्त्र वाचायला शिकली आणि बायबलबाई म्हणून घरोघर फिरली, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. 1947 मध्ये डॉ. भा. पां. हिवाळ्यांनी नगरला कॉलेज काढलं, तेव्हा जवळच कॉलेज झालं म्हणून किती आयांनी प्रार्थनेत आभार मानले असतील, देव जाणे. तेव्हा पाळकांनी मार्कशीटवर प्रार्थना करणं यात चुकीचं काही नाही. ती जुनी कृतज्ञता आहे. फक्त एवढी जुनी झाली की हळूहळू तिचं ओझं होतं. कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माणसाने मुलाचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं, तेव्हा त्यात त्याच्या स्वतःच्या राहिलेल्या शिक्षणाचाही काही हिस्सा असेल का? तुम्हाला ठाऊक असेल. असेल तर त्यांच्याशी बोलताना ते मनात ठेवा.

माझं सांगते. 1983 साली मी बारावीला गणितात गेले. वडील संडे स्कूलचे सुपरिंटेंडेंट, आणि बक्षिसाची बायबलं निकालाच्या आधीच आणून पाळकबाईंनी त्यांवर वळणदार अक्षरात नावं घालून ठेवली होती. माझंही. निकाल लागला त्या संध्याकाळी वडील मला सायकलवर पुढे बसवून, हो, सतरा वर्षांच्या घोडीला, पाळकांच्या बंगल्यावर घेऊन गेले. तिथे मला म्हणाले, तूच सांग. मी सांगितलं. पाळकबाई "बरं" म्हणाल्या आणि आत जाऊन चहा ठेवला. त्या रविवारी मी शेवटच्या बाकावर बसले, कुणीही काही विचारलं नाही, फक्त एक मावशी फार वेळ माझा हात धरून उभी राहिली, ते मात्र नको होतं. पुढच्या वर्षी तेच बायबल मला मिळालं. पहिल्या पानावर तीनचा चार केलाय. शाई वेगळी आहे, अजून दिसतं.

आता कामाचं. मार्कशीट सापडली हे त्याला एकट्याला गाठून सांगा. "मला दिसली" असंच म्हणा. "माझ्यापासून लपवलंस?" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. त्याला आधीच विचारा, कुठले विषय गेले? बहुतेक आया हा प्रश्न शेवटी विचारतात, आणि पोराला बोलायला सोपा असतो तो हाच. ऑडिटिंग गेलं म्हणाला तर थोडं हसायलाही हरकत नाही. मग सांगा, पप्पांना तू सांगायचंस, मी शेजारी बसते. दोन दिवस द्या त्याला. दोन दिवसांत नाही बोलला तर मी सांगेन, हेही तेव्हाच सांगून ठेवा, आणि मग खरंच सांगा. तुम्ही मिस्टरांना आधी गुपचूप सांगून ठेवलंत तर तो येईल तेव्हा त्यांचा चेहराच त्याला सगळं सांगून टाकेल, आणि स्वतः बोलल्याचं जे थोडं बळ मिळणार होतं तेही जाईल.

वेळ रात्री जेवणानंतरची. सासूबाई झोपल्यावर. मिस्टर चिडतील, आणि पहिला राग यादीचा असेल, लोक काय म्हणतील हा. त्या वेळी वाद घालू नका. सकाळपर्यंत माणूस यादीवरून मुलावर येतो. मग पाळकांना फोन बापलेकांनी मिळून करावा, आणि लांबण लावू नये. "ह्याचे दोन विषय राहिलेत, नाव यंदा काढा, पुढच्या वर्षी उभा राहील." एवढं पुरे. पाळकांनी असे फोन घेतलेले असतात, विश्वास ठेवा.

महिला मंडळात मात्र "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणून ही गोष्ट काढू नका. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत तीन वस्त्या फिरून येते, हे मी अनुभवाने लिहिते आहे. प्रार्थना करायचीच तर घरी दार लावून करा.

सासूबाईंना सांगायचं की नाही? सांगा, पण मुलानेच. आज्या अशा बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा खमक्या निघतात. दोन हजार परत ट्रंकेत जातील, हरवणार नाहीत. नणंदेला यायला नको म्हणू नका. ती आली की मटण करा, जेवा, आणि कुणी विचारलंच तर खरं एकदाच सांगून विषय बदला.

रविवारी त्याला घरी ठेवू नका. तुमच्याबरोबर नेहमीच्या बाकावर बसू दे, आणि दुसऱ्यांची नावं पुकारली की टाळ्या वाजवू दे. जड जाईल. पण शेजारच्या बाकावर नर्सिंगचं जी.एन.एम. झालेली कुणाची पोर असेल, रात्रपाळ्या करून पास झालेली. तिच्यासाठी टाळ्या वाजवताना त्याचे स्वतःचे दोन विषय जरा लहान होतील. (मंडळ्यांना माझं एक म्हणणं आहे, ते इथे उगीचच लिहिते. आयटीआय झालेला फिटर, अंगणवाडीत लागलेली सून यांनाही पुढे बोलवा. ज्यांची पदं आपण वर्षानुवर्षं गातो त्या ना. वा. टिळकांकडेही कॉलेजची पदवी नव्हती, आणि तरी नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी शिकवलं.)

राहिला परीक्षेचा फॉर्म. या सगळ्या रडारडीत तोच विसरतो. दोन विषय निघाल्याशिवाय पदवीचं प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि नोकरीला अर्ज केला की सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटा मागतात, तिथे "झालं सगळं" चालत नाही. तेव्हा सोमवारी त्याला पुण्याला पाठवा, कॉलेजच्या ऑफिसात पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारायला सांगा, आणि फीचे पैसे आधीच त्याच्या हातात द्या. तारीख कळली की त्याने ती घरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहावी, स्वयंपाकघरातल्या, जिथे तुम्ही गॅस सिलिंडर कधी लावला ते लिहिता.