गांजाची केस: 60 दिवस की 180?

बार्शी तालुक्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. भाड्याच्या खोलीवर छापा पडला, 1 किलो 140 ग्रॅम गांजा मिळाला. सत्र न्यायालयाने जामीन फेटाळला. पोलीस सांगतात, एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थविरोधी कायद्यात) आरोपपत्राला 180 दिवस लागतात, तोवर काही होत नाही. वडील विचारतात, थांबू का? वजनाचा आकडा बदलून हेच पत्र मला वारंवार येते.

थांबू नका. 180 दिवसांची मुदत कलम 36अ(4) मधली आहे आणि ती व्यावसायिक प्रमाणाला व कलम 19, 24, 27अ च्या गुन्ह्यांनाच लागते. गांजाचे व्यावसायिक प्रमाण 20 किलोच्या वर सुरू होते, अल्प प्रमाण 1 किलोच्या आत संपते. तुमचा मुलगा मधल्या गटात आहे. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत, पण किमान शिक्षा नाही. अशा गुन्ह्यात आरोपपत्राची मुदत 60 दिवस, हे सर्वोच्च न्यायालयाने राकेशकुमार पॉल प्रकरणात 2017 सालीच सांगितले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मध्ये शब्दरचना थोडी बदलली आहे. सरकारी वकील त्यावर वाद घालतील, घालू द्या. माझ्या मते मुदत 60 दिवसांचीच राहते.

आता तुमच्यावर रागवावे लागते. पत्रात अटकेची तारीख 'गणपतीनंतर तीन-चार दिवसांनी' अशी लिहिली आहे. एका दिवसावर मुलाची सुटका अडलेली असताना घरात रिमांडच्या (न्यायालयाने कोठडी देण्याच्या) हुकमाची नक्कल नाही, एफआयआर नाही, पंचनामा नाही. 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्यामागे मात्र तीन आठवडे गेले. आजच नक्कल काढा. दिवस अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून मोजायचे आणि रिमांडचा दिवसही धरायचा. 2023 च्या कपिल वाधवान निकालाने हा वाद मिटवला.

साठ दिवस भरले आणि आरोपपत्र आले नाही, तर 61 व्या दिवशी कोर्ट उघडताच विशेष न्यायालयात डिफॉल्ट जामिनाचा अर्ज द्या. हा हक्क आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. अर्जाआधी आरोपपत्र आले की तो गेला. एम. रवींद्रन प्रकरणात आरोपीचा अर्ज सकाळी साडेदहाला पडला, तपास यंत्रणेची तक्रार, म्हणजे आरोपपत्राच्या जागचा कागद, दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. उच्च न्यायालयात नेहमीचा जामीन अर्ज टाकला असेल तर तो राहू द्या, पण त्याच्या तारखेची वाट पाहत 61 वा दिवस घालवू नका. तिथे तारखा कशा पडतात, हे मी रोज बघतो.

मध्येच 27अ, म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवण्याचे कलम, लावले गेले तर हिशेब बदलून 180 दिवसांवर जाईल. मात्र स्वतःच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणे नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये म्हटले आहे. पण तो निकाल इतर प्रकरणांत पायंडा म्हणून धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका.

पंचनामा मिळाला की एक ओळ शोधा. ती बहुधा अशी असते: 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या व बिया असलेला गांजा, प्लास्टिक पिशवीसह वजन अमुक.' कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. इथे तर निर्णय 140 ग्रॅमवर आहे. वजन किलोच्या आत आले तर दहा वर्षांची कमाल शिक्षा एका वर्षावर येते आणि उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम 64अ चे संरक्षणही मागता येते. हा मुद्दा जामिनाच्या टप्प्यावर ऐकला जाईलच असे नाही. खटल्यात उपयोगी पडू शकतो.

मुलाला दीड वर्षापासून सवय होती, असे तुम्ही लिहिता. ज्याने माल दिला तो कागदावर 'पाहिजे आरोपी' आहे आणि बहुतेक तसाच राहील. या कायद्याचा मला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. खोलीवर सापडणारा पोरगा पकडायला सोपा असतो, आकडा भरतो आणि वरची साखळी हलत नाही. उपचाराच्या जागी येरवडा मिळतो.

जामीनदाराची सोय आत्ताच करा. जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो तो तहसीलदाराच्या सॉल्व्हन्सी (जामीनदाराच्या ऐपतीच्या) दाखल्यापायी. सातबारा घेऊन उद्याच तहसीलला अर्ज द्या आणि वकिलांना तात्पुरता रोख जामीन मागायला सांगा. वकील बदलणार असाल तर वकीलपत्रावर मुलाची सही तुरुंगातून आणावी लागते, त्यातही दोन-तीन दिवस जातात. पुढच्या मुलाखतीला तो कागद सोबत न्या.