नेहमी नागपूरला गोल्फ खेळतो, आता आयर्लंडला समुद्रकाठच्या मैदानावर पहिल्यांदा खेळणार आहे. वाऱ्यात किती क्लब जास्त घ्यायचा? आणि लॉब वेज विकत घेऊ का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घेऊ नका.

आज बागेत फवारणीची माणसं यायची होती, आली नाहीत, म्हणून लिहायला वेळ आहे. पण वेळ नसता तरी लिहिलं असतं, कारण लॉब वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी तिरप्या पात्याची काठी, हा आमच्या घरात गेली काही वर्षं भांडणाचा विषय आहे.

मी काटोल तालुक्यातला संत्रेवाला. क्लबात पैसे भरून मी गोल्फ शिकलो नाही. माझे बाबा एका सरकारी कारखान्याच्या कॉलनीत माळी होते. कॉलनीला नऊ होलचं मैदान होतं आणि त्यावर एकही ग्रीन, म्हणजे होलभोवतीची आखूड हिरवळ, नव्हतं, ब्राउन होते. तुम्ही नागपूरच्या हिरव्या गवतावर खेळता, तुम्ही पाहिले नसतील. ब्राउन म्हणजे ओट्यासारखी गोल सपाट जागा आणि तिच्यावर वाळू. वाळूत जळकं तेल कालवायचं, म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही. एक टोळी पुट करून, म्हणजे चेंडू हळूच होलात लोटून, पुढे गेली की बाबा तरटाचं ओझं ओढत कपापासून बाहेर गोल गोल फिरायचे, पावलांचे ठसे पुसायला. घरी आले की त्यांच्या अंगाला गॅरेजचा वास यायचा. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची.

फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचा खेळायचा पट्टा, काळ्या मातीचा. पावसाळ्यात बुटाला इतका चिखल की पाय उचलवत नसे, दिवाळीनंतर जमीन कडक, आणि मार्चपासून भेगा. भेगेत चेंडू गेला तर साहेबांना फुकट ड्रॉप, म्हणजे दंड न लागता चेंडू बाजूला टाकायची मुभा, पण आतला चेंडू आम्ही पोरांनी तुराटीने उकरून काढायचा. एकदा चेंडूच्या आधी विंचू बाहेर आला. त्या दिवशी साहेबाने बक्षीस म्हणून तोच चेंडू मला दिला. नऊ होल बॅग वाहायचा तेव्हा एक रुपया मिळायचा.

अशा जमिनीवर उंच मारलेला चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून आम्ही पोरं वेगळं खेळायचो. साहेबाने टाकून दिलेली पाच नंबरची मोडकी आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची काठी, होती, बाबांनी तिचा दांडा कापून मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून दिली होती. तिने चेंडू ब्राउनच्या वीस पावलं अलीकडे टाकायचा आणि लोळत जाऊ द्यायचा. मे महिन्यात दुपारी वावधान सुटलं की बाबा दुरूनच ओरडायचे, "हवेसंग कायले भांडतं राज्या? खालून जाऊ दे त्याले!"

आता आमचे भाटवे, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान. पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, पंचेचाळिशीत गोल्फ शिकले, व्यवस्थित कोच लावून. माणूस चांगला आहे हे आधीच सांगतो, बहीण हे वाचते. २०१६ साली ते दोन पाहुण्यांना घेऊन नागपूरला आले आणि मलाही खेळायला बोलावलं. चौथ्या की पाचव्या होलवर माझा चेंडू ग्रीनच्या चाळीस यार्ड अलीकडे होता, समोर मोकळं गवत, मध्ये काही अडचण नाही. मी सात नंबरची आयर्न काढली आणि चेंडू जमिनीलगत सोडला. तो लोळत लोळत होलपासून हातभर अंतरावर थांबला. भाटवे पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आमच्या गावाकडे याला गोल्फ म्हणत नाहीत, विटीदांडू म्हणतात." पाहुणे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

रात्री जेवताना परत तोच विषय. चेंडू हवेतूनच गेला पाहिजे, तोच खरा शॉट, आणि हा खेळ मुळात हिरवळ परवडणाऱ्यांचा आहे. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी बहिणीकडे ओवाळून घ्यायला गेलो तर त्यांनी मला साठ डिग्रीची लॉब वेज भेट दिली, लाल रिबीन बांधून. ती सध्या बागेतल्या खोपडीत आहे. माकडं हाकलायला वजनाला बरी पडते.

२०२३ च्या जूनमध्ये मला साठ वर्षं झाली. मुलगा लिमरिकला नोकरीला आहे, त्याने मला आणि सौ.ला बोलावून घेतलं आणि लाहिंचला एका राउंडचं बुकिंग करून ठेवलं. लिमरिकहून गाडीने सव्वा तास. पैसे किती भरले ते सांगेना. नंतर पावती माझ्या हाती लागली, तेव्हा दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

लाहिंच क्लेअर काउंटीत आहे, समोर अटलांटिक. क्लब १८९२ चा. दोन वर्षांनी स्कॉटलंडच्या ओल्ड टॉम मॉरिसने मैदान नव्याने आखलं आणि १९२७ साली अॅलिस्टर मॅकेन्झीने त्यात फेरबदल केले. हाच मॅकेन्झी पुढे अमेरिकेतल्या प्रसिद्ध ऑगस्टा नॅशनल मैदानाच्या आखणीत होता. (हा तपशील भाटव्यांसाठी. ऑगस्टाचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये आहे. आणि 'आपल्याकडे हा खेळ काल आला' असं त्यांचं एक पेटंट वाक्य आहे, त्यांच्यासाठी हेही सांगतो की कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा आहे, म्हणजे लाहिंचपेक्षा त्रेसष्ट वर्षांनी मोठा.)

मैदान पाहिल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? पडीत. समुद्र आणि शेत यांच्या मधली, नांगर न लागणारी वाळूची पडीत जमीन. गोल्फवाले तिलाच लिंक्स म्हणतात. वाळूचे उंचसखल डिगारे, त्यांच्यावर कंबरभर काटक गवत आणि मधून आखूड, घट्ट गवताचे पट्टे. रात्रभर पाऊस झाला तरी सकाळी पाणी साचलेलं नाही, कारण खाली वाळूच वाळू. मी वाकून बोटाने जमीन दाबून पाहिली. कडक. बूट आपटला तर टण्ण आवाज यावा अशी. आमच्या कॉलनीची जानेवारीतली जमीन हुबेहूब, फक्त हिरवी.

आणि बकऱ्या. तिथे क्लबच्या चिन्हावरच बकरी आहे. जुनी गोष्ट अशी की क्लबातला वायुभारमापक बिघडला, तेव्हा कोणीतरी त्यावर 'बकऱ्या पाहा' अशी चिठ्ठी लावली. बकऱ्या डिगाऱ्यांवर लांब चरत असल्या तर हवा चांगली, क्लबहाउसच्या आडोशाला आल्या तर वादळ येणार. आम्ही पोचलो तेव्हा बकऱ्या अगदी भिंतीपाशी होत्या. मुलगा मोबाइलवर हवामान बघून म्हणाला, "बाबा, आज कोरडं आहे." मी रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढली. तिसऱ्या होलवर पाऊस आडवा यायला लागला तेव्हा मी त्याला काही बोललो नाही, नुसतं पाहिलं.

मुलाने कॅडीही ठरवला होता. माझ्याच वयाचा, लाल गालांचा माणूस. त्याने बॅग उचलायला हात घातला आणि माझा हात पट्ट्यावरून सुटेना. तो ओढतोय, मी धरून ठेवलीय, असं दोन-तीन क्षण चाललं. मुलगा मराठीत म्हणाला, "बाबा, सोडा, त्याचं काम आहे ते." काम आहे हे मला माहीत नाही का? मी बॅग सोडली आणि पहिले दोन होल माझं लक्ष चेंडूवर कमी आणि त्याच्या खांद्यावर जास्त होतं. पट्टा कुठे रुततो ते मला पाठ आहे.

आता वाऱ्याचं, कारण तुम्ही तेच विचारलंय. ठोकताळा असा की समोरून ताशी सोळा किलोमीटरचा वारा असेल तर एक क्लब जास्त, म्हणजे सातऐवजी सहा नंबरची, लांब जाणारी काठी. बत्तीसचा असेल तर दोन, आणि त्यापुढे हिशोब सोडा. पाठीमागून वारा असेल तर तेवढाच फायदा होईल असं धरू नका, समोरचा वारा जितकं हिरावून घेतो तितकं पाठचा देत नाही. आणि तुमच्या डोक्यात नागपूरचे आकडे आहेत, ते घरी ठेवून जा. पंचेचाळीस अंशांत हवा विरळ असते, चेंडू लांब जातो. मी खेळलो तेव्हा तिथे तेरा अंश होते, वारा नसतानाही माझी सात नंबरची आयर्न आठ नंबरसारखी पडत होती. मुख्य चूक सगळे एकच करतात, वारा पाहून जोर लावतात. जोर लावला की चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि वारा त्याला परत तुमच्याकडे आणून देतो. क्लब मोठा घ्या, मूठ खाली धरा, चेंडू उजव्या पायाकडे सरकवा, स्विंग पाऊण. पुट करतानाही पाय जास्त फाकवून उभे राहा, वारा चेंडूच्या आधी तुम्हालाच हलवतो.

बस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

तर पहिल्या दोन होलवर मी चार चेंडू हरवले. उंच गवतात शोधायला तीनच मिनिटं मिळतात, २०१९ पासून नियमच तसा आहे, आणि त्या गवतात तीन मिनिटांत म्हैस सापडणार नाही. तिसऱ्या होलवर पाऊस, वारा डावीकडून, माझा चेंडू ग्रीनच्या पन्नासेक यार्ड अलीकडे, मध्ये उंचवटे. कॅडीने न विचारता वेज पुढे केली. मी मान हलवली आणि सात नंबर मागितली. तो काही बोलला नाही. मी चेंडू जमिनीलगत सोडला. तो एका उंचवट्यावर चढला, दुसऱ्याला वळसा घालून उतरला आणि होलच्या अलीकडे चार फुटांवर थांबला. वारा त्याच्यावरून गेला, त्याला शिवलाही नाही.

कॅडीने विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, काळ्या मातीवर. त्याला काय कळलं देव जाणे, पण पुढे प्रत्येक वेळी तो आधी सात नंबरच काढून हातात द्यायचा. त्या दिवशी पुढे गेलेल्या सगळ्या टोळ्यांकडे मी बघत होतो. तिथले म्हातारे मेंबर ग्रीनच्या तीस यार्ड बाहेरून चक्क पुटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू लोळवायची काठी, वापरतात. कोणी कोणाला विटीदांडू म्हणत नाही. भाटव्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

चौथ्या होलचं नाव क्लोंडाइक. दुसऱ्या शॉटला समोर वाळूचा डोंगरच आडवा, पलीकडचं काही दिसत नाही. वर एक माणूस झेंडा घेऊन उभा असतो, पुढची टोळी गेली की तो खूण करतो. आपल्या रेल्वे फाटकावरच्या गेटमनसारखं काम, फक्त गाडीऐवजी चेंडू. मला तिथे उगाच गावाकडची आठवण झाली. होलवर नऊ लागले, ते जाऊ द्या.

आता थोड्या अटी, ज्या मी वरच लिहायला हव्या होत्या. तुम्ही मैदानाचं नाव दिलेलं नाही, आणि समुद्रकाठचं प्रत्येक मैदान लिंक्स नसतं. कॅलिफोर्नियाचं पेबल बीच १९१९ चं, नावात लिंक्स आहे, पण ते कड्यावर आहे आणि ग्रीन लहान लहान. तिथे चेंडू लोळवून चालणार नाही, हवेतूनच न्यावा लागेल. तुम्ही आयर्लंडला कड्यावरच्या मैदानावर जाणार असाल तर माझा अर्धा सल्ला कापून टाका. परदेशी जायच्या आधी सराव हवा असेल तर विशाखापट्टणमला समुद्राजवळ अठरा होल आहेत. मुंबईत कुलाब्यालाही समुद्राला लागून मैदान आहे, पण तो सैन्यदलाचा क्लब, आत ओळखीशिवाय जमत नाही. पावसाचे हातमोजे दोन जोड न्या. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून दुपारची उशिराची वेळ मिळाली तरी घाबरू नका.

आणि एक राहिलं. पाचवा होल, त्याचं नाव डेल. पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, दीडशे यार्डांच्या आसपास. ग्रीन दोन डिगाऱ्यांच्या मध्ये लपलेलं, टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, झेंडा दिसतच नाही. समोरच्या डिगाऱ्याच्या माथ्यावर चुना लावलेला एक दगड असतो, होलची जागा बदलली की माणसं तो दगड सरकवतात. धुऱ्यावरच्या दगडासारखा. त्या दगडावरून मारायचं आणि मग चालत जाऊन बघायचं. मी सवयीने चेंडू खाली ठेवला. तो डिगाऱ्याच्या पोटात घुसला. दुसराही घुसला. तिथे उंचच मारावा लागतो, दुसरा रस्ता नाही. कॅडी माझ्या बॅगेत काहीतरी शोधत होता. काय शोधत होता ते मला कळलं, आणि ते खोपडीत होतं.

एकूण १०३ झाले, सात चेंडू गेले. भाटव्यांना मी स्कोअर सांगितला, बकऱ्यांचे फोटो पाठवले. पाचव्या होलबद्दल अजून बोललेलो नाही.