चाळीसगावचं ‘चाळीस’ होतं तेव्हा: सी भाषेतल्या स्ट्रिंगविषयी तुमचे प्रश्न

वजनकाटे, ठिबकचे कंट्रोलर, बसमधल्या पाट्या अशा छोट्या यंत्रांसाठी सी भाषेत कोड लिहिणारी मंडळी आता धुळे-जळगाव-नंदुरबारकडेही बरीच झाली आहेत. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न स्ट्रिंग कॉपी करण्याचेच होते, म्हणून सगळे एकत्र घेतो.

‘कॉलेजात स्ट्रकॉपी शिकवलं. इंटर्नशिपला गेलो तिथे सिनियर दादा म्हणाले, ते धोक्याचं आहे, मध्ये ‘एन’ असलेलं स्ट्रएनकॉपी वापर. एवढं बदललं की कोड सुरक्षित झाला का?’ (शिरपूरहून एक विद्यार्थी)

नाही झाला. दादांनी धोका बरोबर ओळखला, पण औषध चुकीचं दिलं.

सी मध्ये मजकूर (स्ट्रिंग) कुठे संपला, हे त्याच्या शेवटच्या शून्य बाइटवरून कळतं. असा मजकूर बफरात, म्हणजे मेमरीतल्या ठरलेल्या जागेत, उतरवणारं फंक्शन म्हणजे स्ट्रकॉपी. त्याचा दोष उघड आहे. ज्या बफरात उतरवायचं तो केवढा, हे त्याला कोणी सांगतच नाही. समोरून शून्य बाइट येईपर्यंत ते लिहीत राहतं आणि बफर संपला की शेजारच्या मेमरीत शिरतं. बाहेरून आलेली ओळ वाचून घेणारं गेट्स हे फंक्शनही त्याच जातीचं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म हा नेटवर्कवरून आपोआप फैलावणारा प्रोग्राम पसरला, तेव्हा फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेत शिरण्याची त्याची वाट हीच होती: ५१२ बाइटांच्या बफरात त्याहून लांब ओळ ढकलायची. सी च्या २०११ च्या मानकातून गेट्स शेवटी काढूनच टाकलं.

स्ट्रएनकॉपी मात्र या दुखण्यासाठी जन्मलेलंच नाही. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीत फाइलच्या नावाला १४ बाइटांचा ठरलेला खण असे. नाव लहान असेल तर उरलेला खण शून्यांनी भरायचा. नाव बरोबर १४ चं असेल तर शेवटच्या शून्याची गरज नाही, कारण खणाची रुंदी सगळ्यांना ठाऊक. स्ट्रएनकॉपी आजही नेमकं हेच करतं. म्हणजे मजकूर खणाएवढा किंवा त्याहून मोठा असला की ते शेवटी शून्य लावतच नाही, आणि लहान असला की उरलेली सगळी जागा शून्यांनी भरत बसतं.

हे माझ्या हातून घडलेलं आहे. एका जिनिंगच्या काट्यावर पावती छापणारा प्रोग्राम मी लिहिला होता. गावाचं नाव तेव्हा रोमन लिपीत, त्याला १० बाइटांचा खण, आणि स्ट्रक्चरमध्ये लगेच पुढे गाडीचा नंबर. जळगाव, पाचोरा, अमळनेर ही रोमनमध्ये सात-सात अक्षरांची, भुसावळ आठ. आठवडाभर सगळ्या पावत्या सुरेख निघाल्या. मग चाळीसगावची गाडी आली. चाळीसगाव रोमनमध्ये बरोबर दहा अक्षरांचं. खण काठोकाठ भरला, शून्याला जागा उरली नाही, आणि छापणारं फंक्शन गावाचं नाव संपलंच नाही असं समजून गाडीचा नंबरही गावाच्याच रकान्यात छापून मोकळं झालं. ३२ अक्षरांची ओळ भरून गेली नि वजनाचा आकडा खालच्या ओळीत, भलत्याच रकान्याखाली जाऊन पडला. शेतकऱ्याने पावती माझ्यासमोर धरली आणि विचारलं, “भाऊ, हाई काय शे?” त्याला वाटलं दुसऱ्याच गाडीचं वजन त्याच्या नावावर चढलं. गाडी परत काट्यावर घ्यावी लागली, मागे कापसाच्या गाड्यांची रांग उन्हात उभी. प्रोग्राम कोसळला नव्हता, एरर आली नव्हती. म्हणूनच आठवडाभर कोणाला पत्ता लागला नाही.

ठरलेल्या रुंदीचा खण भरायचा असेल तरच स्ट्रएनकॉपी वापरा. एरवी त्याच्या वाटेला जाऊ नका.

‘आमच्याकडे लिनक्सवर चालणारा गेटवे आहे. स्ट्रएलकॉपी एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर लिंकच होत नाही. कर्नेलमध्ये स्ट्रएसकॉपी दिसतं. विंडोजवाले आणखी वेगळं सांगतात. नेमकं घ्यायचं काय?’ (धुळ्याहून)

स्ट्रएलकॉपी आणि त्याचं भावंड स्ट्रएलकॅट (हे मजकूर जोडणारं) ओपनबीएसडी या युनिक्सच्या वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलं. टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी ते १९९८ मध्ये आणलं. बफरचा आकार द्यायचा, ते शेवटी शून्य लावणार म्हणजे लावणारच (आकारच शून्य दिलात तर गोष्ट वेगळी), आणि परत देणार तो मूळ मजकुराच्या पूर्ण लांबीचा आकडा. १६ च्या बफरात उतरवताना १६ किंवा त्याहून मोठा आकडा परत आला तर समजायचं की मजकूर कापला गेला.

बीएसडीच्या घराण्यात हे लगेच रुळलं. ग्लिबसीने, म्हणजे लिनक्सवर सहसा असणाऱ्या सी च्या लायब्ररीने, मात्र कित्येक वर्षं दारात उभं केलं नाही. कापलेला मजकूर गुपचूप पुढे जाईल, हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लिबसी २.३८ मध्ये ते आलं, युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकातही २०२४ मध्ये आलं. तुमच्या दुसऱ्या मशीनवरची ग्लिबसी त्याआधीची असणार. तिथे स्वतःचं दहा ओळींचं फंक्शन लिहा, किंवा एसएनप्रिंटएफला (दिलेल्या साच्यानुसार, दिलेल्या आकारातच मजकूर लिहिणारं फंक्शन) साचा म्हणजे फॉरमॅट म्हणून ‘टक्का-एस’ देऊन तेच काम करून घ्या. वेग थोडा कमी पडेल, गावाचं नाव छापायला तेवढा पुरतो. फक्त बाहेरून आलेला मजकूर स्वतःच फॉरमॅट म्हणून कधीही देऊ नका.

कर्नेलवाल्यांना (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) स्ट्रएलकॉपीत दोन गोष्टी खटकल्या. पूर्ण लांबी सांगायची म्हणून ते मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचतं. त्या मजकुराला शेवटचा शून्यच नसेल तर वाचता वाचता हद्दीबाहेर जातं. शिवाय परत आलेल्या आकड्याची आकाराशी तुलना करायला लोक विसरतात. म्हणून २०१५ मध्ये स्ट्रएसकॉपी आलं. जेवढं उतरवलं तेवढा आकडा देतं, आणि मजकूर मावला नाही तर सरळ उणे एरर. ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ हे बघायला कोणी विसरत नाही, निदान कमी विसरतं. २०२४ मध्ये ६.८ या आवृत्तीत कर्नेलमधून स्ट्रएलकॉपी पुसलंच गेलं. पण स्ट्रएसकॉपी कर्नेलच्या आतलं आहे, तुमच्या गेटवेच्या प्रोग्रामला ते आयतं मिळणार नाही.

विंडोजकडची शेवटी ‘एस’ लावलेली फंक्शनं २०११ च्या मानकाच्या एका ऐच्छिक परिशिष्टात आहेत. ग्लिबसी ती देत नाही. दोन्हीकडे चालणारा कोड हवा असेल तर त्यांच्यावर विसंबू नका.

‘लॉगची ओळ मी लूपमध्ये जोडत जातो, दर वेळी एसएनप्रिंटएफ जेवढं देईल तेवढं ‘लांबी’त मिळवतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यंत्र हँग होतं. एसएनप्रिंटएफ तर सुरक्षित ना?’ (भुसावळहून)

फंक्शन सुरक्षित आहे, बेरीज नाही. एसएनप्रिंटएफ जेवढं लिहिलं तेवढं सांगत नाही. जागा पुरली असती तर किती लिहिलं असतं, ते सांगतं. ६४ बाइटांचा बफर घ्या. तुमची लांबी ५८ वर आली आहे आणि पुढचा तुकडा १० अक्षरांचा. एसएनप्रिंटएफ पाच अक्षरं आणि एक शून्य लिहून थांबेल, पण परत देईल १०. लांबी झाली ६८. पुढच्या फेरीत उरलेली जागा म्हणून तुम्ही ६४ वजा ६८ देता. आकाराचा प्रकार चिन्हरहित (त्यात उणे आकडा बसत नाही), म्हणून ३२ बिटच्या यंत्रावर उणे चार न होता ते होतं ४२९४९६७२९२. लिहायची जागाही बफरच्या चार घरं पलीकडे. काही लायब्ऱ्या एवढा आकडा दिसला की उणे एक देऊन थांबतात, काही बिनधास्त लिहीत सुटतात. महिन्यातून एकदाच घडतं, कारण तेवढी लांब लॉगची ओळ महिन्यातून एकदाच तयार होते. सगळे सेन्सर एकदम रुसले की बहुधा.

दर जोडणीनंतर आकडा बघा. उणे असेल, किंवा उरलेल्या जागेएवढा वा जास्त असेल, तर तिथेच लूपमधून बाहेर पडा आणि ओळ अपुरी असल्याची खूण ठेवा. कर्नेलमध्ये यासाठीच एससीएनप्रिंटएफ आहे, ते खरोखर लिहिलेल्या अक्षरांचाच आकडा देतं. तुमच्यासाठी तसं एक छोटं फंक्शन पाच मिनिटांत लिहून होईल.

‘तुम्ही सांगता तसंच करतो, स्ट्रएलकॉपी, १६ चा बफर. आता गावांची नावं मराठीत हवी झाली. जळगाव, रावेर नीट येतात. आमचं गाव ‘चाळीस’ एवढंच येतं!’ (चाळीसगावहून)

तुमच्या प्रश्नाने मला त्या जिनिंगच्या काट्यावर परत नेलं. हे नीट उलगडून बघू, कारण इंग्रजीतल्या पुस्तकांत हा प्रश्न फारसा येत नाही.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या बाइटांत साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलंत यांचेही तीन-तीन. जळगाव म्हणजे ज, ळ, ग, काना, व. पाच चिन्हं, १५ बाइट, आणि एक शून्य. सोळाचा बफर काठोकाठ. रावेर, शहादा यांचंही तसंच. चाळीसगाव म्हणजे आठ चिन्हं, २४ बाइट. पंधरावर कापलं की उरतं च, काना, ळ, दीर्घ वेलांटी, स. चाळीस. मुक्ताईनगर लिहून बघा, बरोबर ‘मुक्त’ उरेल. दोन्ही मराठीतले धडधाकट शब्द, म्हणून बघणाऱ्याला चूक वाटतच नाही. आणि वजनाच्या पावतीवर गावाच्या जागी ‘चाळीस’ म्हणजे कोणी तो आकडाच समजायचा.

आता हाच बफर २० चा करा. १९ बाइट मिळतात, म्हणजे सहा पूर्ण चिन्हं आणि सातव्याचा एकच बाइट. स्क्रीनवर ‘चाळीसग’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. हा तुटका बाइट पुढे डेटाबेसमध्ये किंवा सर्व्हरवर गेला तर तिथला प्रोग्राम आख्खी नोंद नाकारू शकतो. तेव्हा कापायचंच असेल तर कापण्याच्या जागेवरचा बाइट बघा. तो हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) ८० ते बीएफ यांच्यात असला, म्हणजे चिन्हाच्या मधला असला, तर एकेक पाऊल मागे या. चिन्हाचा पहिला बाइट सापडला की त्याच्या आधी कापा.

एवढ्यानेही मराठी वाचत नाही. मुक्ताईनगर १२ बाइटांवर कापलं तर ‘मुक्’ उरतं. बाइटांच्या हिशेबाने बिनचूक, वाचायला मोडकं. कोणतंही कॉपी फंक्शन अक्षराची ही जाण ठेवत नाही. म्हणून गावाचं, माणसाचं नाव कापायचंच नाही, असं माझं ठाम मत आहे. यादीतलं सर्वांत लांब नाव घ्या, चिन्हं मोजा, तिनाने गुणा, एक मिळवा. मुक्ताईनगरला ३१ लागतात. ३२ चा खण ठेवलात तर चाळीसगाव, दोंडाईचा, नंदुरबार सगळी आरामात बसतात. आणि तरीही एखादं मावलं नाही तर नोंद थांबवून ‘नाव मावत नाही’ असं स्क्रीनवर दाखवा. काट्यावरचा माणूस ते वाचून काहीतरी करू शकतो. ‘चाळीस’ वाचून तो काय करणार?

‘स्वतःची हेल्पर फंक्शनं लिहावीत का? लिहिली तर त्यात काय असावं?’ (शहाद्याहून)

लिहावीत, पण मोजकी. मी एक छोटं स्ट्रक्चर ठेवतो: बफरचा पॉइंटर, एकूण जागा, वापरलेली जागा, आणि ‘मावलं नाही’ ही खूण. मजकूर जोडणारं प्रत्येक फंक्शन हे स्ट्रक्चरच घेतं. एकदा मावलं नाही की खूण लागते, ती पुढे कोणी पुसत नाही आणि त्यानंतर काही जोडलंही जात नाही. मग वीस वेळा जोडून शेवटी एकदाच तपासलं तरी पुरतं. भुसावळच्या वाचकाची बेरीजही यात आपोआप सुटते. लिनक्स कर्नेलमधलं सेकबफ याच धाटणीचं आहे.

एक खड्डा दाखवून ठेवतो, त्यात जुनेजाणतेही पडतात. बफर फंक्शनला दिला की आत तो नुसता पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, उरतो. तिथे आकार सांगणारं साइझऑफ लावलंत तर १६ किंवा ३२ मिळणार नाही, ४ किंवा ८ मिळेल. आकार बाहेरूनच द्यायचा. आणि परत येणारा निकाल कोणी वाचला नाही तर कंपायलरने बोंब मारावी, अशी खूण फंक्शनच्या घोषणेवर लावा. जीसीसी या कंपायलरमध्ये ती फार आधीपासून आहे, सी च्या २०२३ च्या मानकात नोडिस्कार्ड नावाने आली.

‘या सगळ्यापेक्षा रस्ट ही भाषाच का शिकू नये?’ (नंदुरबारहून)

जरूर शिका. तिथे स्ट्रिंगबरोबर तिची लांबी असते, हद्द तपासली जाते, आणि चिन्हाच्या मध्येच कापायला गेलात तर प्रोग्राम तिथेच थांबतो. नवं काम सुरू करत असाल आणि तुमच्या चिपला आधार असेल तर मी आडवा येणार नाही. ३२ चा खण ठेवायचा की १६ चा, हे मात्र तिथेही तुम्हालाच ठरवावं लागेल.

‘दहा वर्षांचा जुना कोड गळ्यात पडला आहे. शेकडो ठिकाणी स्ट्रकॉपी. सुरुवात कुठून करू?’ (जळगावहून)

सगळं एका रात्रीत बदलू नका. शोधा-बदला करून स्ट्रकॉपीच्या जागी स्ट्रएनकॉपी तर मुळीच घालू नका, माझ्या पावतीसारख्या शंभर चुका पेराल.

आधी वॉर्निंग चालू करा. जीसीसी ८ पासून स्ट्रएनकॉपीत शेवटचा शून्य सुटण्याची शक्यता दिसली की कंपायलर स्वतःच ओरडतो. लिनक्सवर फोर्टिफाय सोर्स (कॉपी करताना बफरची हद्द तपासणारी सोय) लावा. जीसीसी १२ पासून त्याची तिसरी पातळी मिळते, पण ऑप्टिमायझेशन बंद असेल तर ते काहीच करत नाही, हे लक्षात असू द्या. मग स्ट्रिंग हाताळणाऱ्या फाइली वेगळ्या काढून संगणकावर ॲड्रेस सॅनिटायझरसह (हद्दीबाहेरची मेमरी वापरली की लगेच सांगणारी सोय) चालवा. मायक्रोकंट्रोलरवर ही सोय सहसा नसते, म्हणून संगणकावर. त्यांना खणाहून एक कमी, बरोबर तेवढाच, एक जास्त आणि रिकामा, असे चार मजकूर द्या, त्यातला प्रत्येक मराठीतही.

जिथे मजकूर बाहेरून येतो, म्हणजे कीपॅड, सिरियल पोर्ट, एसएमएस, सर्व्हरचं उत्तर, तिथली स्ट्रकॉपी पहिल्या आठवड्यात काढा. ‘ओके’ आणि ‘एरर’ असे ठरलेले शब्द उतरवणाऱ्या ओळी वर्षभर थांबल्या तरी चालतील.