नाहुआ सणमहिन्यांची चित्रं: सुरुवात कुठून करावी

मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या (अझ्टेक त्यांच्यातलेच) वर्षात २० दिवसांचे अठरा महिने, प्रत्येकाचा आपला सण; जुन्या हस्तलिखितांत त्यांची चित्रं आहेत. अठराही महिने एकदम पाठ करायला जाऊ नका. आधी तीनच धरा. त्लाकाशिपेवालिस्त्ली महिन्यात शिपे तोतेक हा देव दिसतो: अंगावर सोललेली कातडी, मनगटांपाशी लोंबणारे दुसऱ्याच कुणाचे हात. एकदा पाहिलं की विसरणं शक्य नाही. एत्साल्क्वालिस्त्लीत पावसाचा देव त्लालोक, हाती मक्याचं धाट. पान्केत्सालिस्त्लीत निशाण.

नवखे हमखास इथे चुकतात:

- २० दिवसांचे महिने आणि शकुन पाहण्याच्या वेगळ्या २६० दिवसांच्या गणनेतले १३-१३ दिवसांचे गट एकच समजतात. बोर्बोनिकस या नाहुआ चित्र-हस्तलिखितात दोन्ही आहेत, तेव्हा जपून.
- चित्राआधी त्याच्याशेजारी लिहिलेल्या स्पॅनिश टिपा वाचतात. तेयेरियानो-रेमेन्सिस या दुसऱ्या हस्तलिखितात तर त्या वेगवेगळ्या हातांच्या आहेत. आधी पोशाख, हातातली वस्तू, चेहऱ्याचा रंग बघा.

युरोपीय तारखांचा मेळ सध्या बाजूलाच ठेवा. त्यावर अभ्यासकांचंही एकमत नाही.